क्लाऊडवरच्या वेब सर्व्हिसची जुळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून इंजिनिअरिंगची मुलं आणि दोघं-तिघं मिळून सॉफ्टवेअरचं काम करणारी तरुण मंडळी मला प्रश्न पाठवतात. त्यातले जे फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. तूर घेऊन निघालेला शेतकरी फोनवर मराठीत विचारतो, "आज लातूरच्या मोंढ्यात तुरीला काय भाव?" आणि फोन त्याला बोलून उत्तर देतो. उदाहरणातले वेळेचे आणि पैशांचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, ते कुठल्या कंपनीचे दर नाहीत.

१. वेब सर्व्हिसची जुळणी म्हणजे नेमकं काय? नुसतं एपीआय वापरणं आणि यात फरक काय?

एपीआय म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅमकडून काम करून घ्यायचं ठरलेलं दार. एक एपीआय बोलावून एक काम करून घेतलं तर तो झाला साधा वापर. एकच गरज भागवायला तीन-चार सर्व्हिस एकामागे एक किंवा एकाच वेळी चालवल्या आणि एकीचं उत्तर दुसरीच्या हातात दिलं, की ती जुळणी. आपल्या उदाहरणात तीन कामं आहेत: बोलण्याचा मजकूर करणं, भाव शोधणं आणि उत्तराचा आवाज तयार करणं. प्रत्येक काम करून देणाऱ्या बऱ्याच सर्व्हिस क्लाऊडवर भाड्याने मिळतात. कुणाचा वेग जास्त, कुणाचा दर कमी. प्रत्येक कामासाठी एकेक निवडून वापरणाऱ्याची एकूण अट पाळणारी साखळी बांधायची, हे अल्गोरिदमचं काम.

परभणीकडच्या खेड्यातून मुंबईला निघालेला माणूस हेच करतो. काळीपिवळीने परभणी, तिथून देवगिरी एक्सप्रेस, पुढे लोकल. सीटा भरेपर्यंत काळीपिवळी हललीच नाही आणि गाडी चुकली, तर तिथे वाचवलेले वीस रुपये काय कामाचे?

२. आमच्या अभ्यासक्रमात सोप, यूडीडीआय, बीपीईएल आहे. हे आता कोण वापरतं?

सोप (सर्व्हिसशी निरोपांची देवाणघेवाण करायची पद्धत) आणि बीपीईएल (साखळीचा क्रम लिहायची भाषा) जुन्या मोठ्या व्यवस्थांमध्ये अजून दिसतात. यूडीडीआय म्हणजे सर्व्हिस शोधायच्या यादीची पद्धत. तिच्या सार्वजनिक याद्या आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप चालवत, त्या २००६ मध्ये बंद झाल्या. बीपीईएलची २.० आवृत्ती २००७ साली मानक झाली. रॉय फिल्डिंग यांनी २००० सालच्या प्रबंधात मांडलेली रेस्टची, म्हणजे वेबच्या साध्या पत्त्यांवरून सर्व्हिस बोलावण्याची, पद्धत पुढे सगळीकडे रुजली, आणि साखळी चालवायला आता ॲमेझॉनच्या स्टेप फंक्शन्ससारख्या सोयी आहेत. पण परीक्षेसाठी पाठ केलेलं वाया जात नाही. यादीतून शोधणं, क्रम ठरवणं आणि पर्याय निवडणं हे तिन्ही प्रश्न आजही तेच आहेत, नावं तेवढी बदलली.

३. प्रत्येक कामासाठी सगळ्यात चांगली सर्व्हिस निवडली की झालं ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर: नाही. कागद घ्या आणि माझ्याबरोबर मांडा.

आवाजाचा मजकूर करणाऱ्या दोन सर्व्हिस: क१ ला ९०० मिलिसेकंद आणि ४० पैसे लागतात, क२ ला १५०० मिलिसेकंद आणि १५ पैसे.
भाव देणाऱ्या दोन: ख१ ला २०० मिलिसेकंद आणि २० पैसे, ख२ ला ८०० मिलिसेकंद आणि ५ पैसे.
उत्तर बोलणाऱ्या दोन: ग१ ला ६०० मिलिसेकंद आणि ३० पैसे, ग२ ला १००० मिलिसेकंद आणि २० पैसे.

अट अशी की उत्तर अडीच सेकंदांत मिळावं आणि एका प्रश्नाचा खर्च ७० पैशांवर जाऊ नये.

प्रत्येक ठिकाणी वेगवान निवडली तर १७०० मिलिसेकंदांत काम होतं, पण खर्च ९० पैसे. प्रत्येक ठिकाणी स्वस्त निवडली तर ४० पैशांत भागतं, पण वेळ ३३०० मिलिसेकंद. दोन्ही बाद. आठही जोड्या मांडून बघा, अटीत एकच बसते: क२, ख१, ग१. वेळ २३०० आणि खर्च ६५ पैसे. म्हणजे आवाज ओळखणारी वेगवान सर्व्हिस या साखळीत बसूच शकत नाही, कारण तिच्यावर जास्तीचे गेलेले २५ पैसे वेळेची अट सांभाळून पुढे कुठेच भरून निघत नाहीत. एकेका कामापुरतं बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

४. एकूण वेळ, खर्च, उपलब्धता कशी काढायची? सगळ्याची बेरीजच करायची का?

गुणानुसार (म्हणजे वेळ, खर्च की उपलब्धता यानुसार) आणि साखळीच्या आकारानुसार नियम बदलतो. कामं एकामागे एक असतील तर वेळेची बेरीज. दोन कामं एकाच वेळी सुरू होत असतील, तर ज्याला जास्त वेळ लागतो तो धरायचा. खर्चाची मात्र दोन्हीकडे बेरीजच, कारण बिल दोघंही लावतात. एखादं काम तीनदा फिरत असेल तर तीनपट. वाट दोन फाट्यांनी जात असेल, तर कोणता फाटा किती वेळा घेतला जातो त्या प्रमाणात.

उपलब्धतेचा गुणाकार होतो, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. ९९.९ टक्के उपलब्ध असलेल्या पाच सर्व्हिस एकामागे लावल्या की साखळी उरते ९९.५ टक्के. महिन्याच्या ७२० तासांत एका सर्व्हिसची सुट्टी सुमारे ४३ मिनिटं, तर साखळीची साडेतीन तासांहून जास्त. ती सुट्टी सौदा निघण्याच्या वेळेला आली तर त्या दिवसापुरतं ॲप नसल्यातच जमा.

ताजेपणा हा आणखी एक गुण. त्याची बेरीज होत नाही, साखळीतली सगळ्यात शिळी माहिती धरायची. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

५. कॉम्प्युटर एवढे वेगवान आहेत, मग सगळ्या जोड्या तपासून का नाही बघायच्या?

कमी असतील तर खुशाल बघा. प्रश्न ३ मध्ये आठच होत्या. पाच कामं आणि प्रत्येकाला वीस पर्याय म्हटलं तरी ३२ लाख जोड्या होतात, तेही लॅपटॉपला जमेल. दहा कामं आणि प्रत्येकी पन्नास पर्याय झाले की आकडा ९७ च्या पुढे पंधरा शून्यं एवढा जातो. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी तीन वर्षं लागतील. आकडेमोडीच्या भाषेत हा पोतं भरण्याच्या जुन्या कोड्याचाच भाऊ आहे: प्रत्येक गटातून एकच वस्तू घ्यायची, वजनाची मर्यादा सांभाळायची आणि मोल जास्तीत जास्त करायचं. मोठ्या आकारात नेमकं उत्तर दरवेळी झटपट देणारी रीत या कोड्याला अजून कुणाला सापडलेली नाही.

६. मग कोणता अल्गोरिदम वापरू?

माझं स्पष्ट मत: आधी पूर्णांक रेषीय प्रोग्रॅमिंग, म्हणजे पूर्ण आकडे आणि सरळ बेरजांच्या अटी मांडून सर्वोत्तम उत्तर काढायची पद्धत. प्रत्येक सर्व्हिसला एक चल द्यायचा, तो शून्य किंवा एक. प्रत्येक कामाच्या चलांची बेरीज एक, म्हणजे एकच निवडली जाईल. वेळ आणि खर्चाच्या अटी सरळ बेरजा आहेत. उपलब्धतेचा गुणाकार रेषीय नाही, म्हणून तिथे लॉगरिदम घ्यायचा, गुणाकाराची बेरीज होते. ही मांडणी झेंग या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवली आणि आजही तीच पाया आहे. ती सोडवायला पायथनमध्ये पल्प किंवा ओआर-टूल्स फुकट मिळतात. उत्तर सर्वोत्तम असल्याची खात्री मिळते, हा मोठा आधार.

त्याच्या आधी एक चाळणी लावा. ख३ नावाची सर्व्हिस ९०० मिलिसेकंद आणि १० पैसे घेत असेल, तर ती ख२ पेक्षा हळूही आहे आणि महागही. कुठल्याच बाबतीत सरस नाही. अशा सर्व्हिस सुरुवातीलाच बाजूला काढल्या की राहतात त्या स्कायलाइन सर्व्हिस, आणि काम बरंच हलकं होतं. या चाळणीचा अपवाद प्रश्न १५ मध्ये आहे.

जेनेटिक अल्गोरिदम, कणसमूह किंवा मुंग्यांच्या वाटेवर बेतलेल्या पद्धती तेव्हा घ्या, जेव्हा कामं शेकड्यांनी असतील किंवा गुण एकत्र करण्याचा नियम रेषीय करताच येत नसेल. जेनेटिकमध्ये साखळी म्हणजे आकड्यांची एक माळ, जितकी कामं तितके मणी, आणि प्रत्येक मण्यावर निवडलेल्या सर्व्हिसचा क्रमांक. दोन माळा मधून तोडून अदलाबदल करायची, अधूनमधून एखादा मणी बदलायचा, अट मोडणाऱ्या माळेला दंड लावायचा. चांगलं उत्तर मिळतं, पण याहून चांगलं नाहीच अशी खात्री मिळत नाही.

७. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी गाईड "काहीतरी नवीन हायब्रिड" करा म्हणतात. डेटा कुठून आणू?

दोन डेटासेट सगळे वापरतात. क्यूडब्ल्यूएसमध्ये २५०७ सर्व्हिसचे गुण आहेत. डब्ल्यूएस-ड्रीममध्ये ३३९ ठिकाणांहून ५८२५ सर्व्हिस बोलावून मोजलेला प्रतिसादाचा वेळ आणि वहनक्षमता आहे. दोन्ही जुने आहेत. अल्गोरिदमची आपसांत तुलना करायला चालतात, आजच्या क्लाऊडचं वर्तन सांगायला चालत नाहीत. हे रिपोर्टमध्ये स्वतःहून लिहा.

हायब्रिडबद्दल, म्हणजे दोन पद्धती जोडून केलेल्या अल्गोरिदमबद्दल, मनापासून एक सांगतो. दोन प्राण्यांची नावं जोडून केलेल्या पद्धतीची तुलना प्रश्न ६ मधल्या नेमक्या उत्तराशी करा. नेमक्या उत्तरापासून किती टक्के दूर आणि किती पट लवकर, हे दोन आकडे टेबलात असले की परीक्षक समोर कोणीही असो, तुम्हाला बोलायला जागा राहते.

८. वापरणाऱ्याची गरज आकड्यांत कशी उतरवायची? लोक तर म्हणतात, "लवकर, स्वस्त आणि कधी बंद न पडणारं द्या."

वजनं विचारू नका. "वेगाला किती टक्के महत्त्व?" याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. दोन पर्याय समोर ठेवा आणि कोणता घ्याल ते विचारा. तसंच अट आणि आवड वेगळी करा. अट मोडली तर साखळी बाद, आवड फक्त साखळीचे मार्क वाढवते. आवडीसाठी प्रत्येक गुण शून्य ते एकच्या पट्टीवर आणायचा, म्हणजे मिलिसेकंद आणि पैसे एकाच तराजूत बसतात. कमी असलेलं चांगलं अशा गुणाला सूत्र असं: सर्वांत मोठी किंमत वजा या सर्व्हिसची किंमत, भागिले सर्वांत मोठी वजा सर्वांत लहान. सगळ्यांची किंमत सारखीच असेल तर भाजक शून्य होतो, तिथे सरळ एक धरा. हा भाजक विसरल्यामुळे प्रोग्रॅम कोसळलेला मी कित्येकदा पाहिला आहे.

एका मोंढ्यात आम्ही असा नमुना दाखवायला गेलो होतो. वेगावर आम्ही महिनाभर मेहनत घेतली होती. एका वयस्क शेतकऱ्याने फोन कानाला लावला, भाव ऐकला, फोन परत दिला आणि म्हणाले, "बाळा, हा कालचा भाव हाय. कालचा भाव ऐकून आज गाडी भरू का मी?" आमच्या यादीत वेळ होता, खर्च होता, उपलब्धता होती. ताजेपणा नव्हता. भाव देणारी जी सर्व्हिस आम्ही वेगामुळे निवडली होती ती वेगवान होती, कारण ती साठवलेलं उत्तर परत देत होती. त्या दिवसापासून कुठलीही गुणांची यादी मी वापरणाऱ्यासमोर बसून पुरी करतो. पुस्तकातली यादी फक्त सुरुवात म्हणून घेतो.

९. कामांचा क्रमच माहीत नसेल तर? तो अल्गोरिदम स्वतः ठरवू शकतो का?

ठरवू शकतो. प्रत्येक सर्व्हिस काय घेते आणि काय देते हे लिहिलेलं असेल, तर हातातल्या माहितीपासून हव्या त्या उत्तरापर्यंतची वाट शोधायची. यासाठी आलेखातला शोध आणि नियोजनाचे अल्गोरिदम वापरतात. अडचण शब्दांची येते. एक सर्व्हिस "तूर" म्हणते, दुसरी "अरहर". एक क्विंटलचा भाव देते, दुसरी किलोचा. अर्थ जुळवण्यासाठी २००४ च्या सुमाराला ओडब्ल्यूएल-एस नावाची वर्णनाची भाषा आली, पण असं वर्णन नेटाने लिहिणारे थोडे. आता क्रम सुचवायचं काम मोठी भाषा मॉडेलं बऱ्यापैकी करतात. सुचवू द्या. पण वेळ आणि खर्चाची अट पाळली जाते की नाही, हे प्रश्न ६ मधल्या गणिताने तपासल्याशिवाय साखळी चालू करू नका.

१०. कंपनीने दिलेले वेगाचे आकडे धरावेत का?

धरू नका, स्वतः मोजा. आणि वापरणारा जिथे उभा आहे तिथून मोजा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई साडेतीनशे किलोमीटरची तार धरली तर जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद. अमेरिकेच्या व्हर्जिनियाचं अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर, म्हणजे तार अगदी सरळ असली तरी १३० मिलिसेकंद, आणि ती सरळ नसतेच. मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडचं डेटा केंद्र पुण्यात २०१५ पासून आहे, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, गुगलचं मुंबईत २०१७ पासून. म्हणून सर्व्हिस निवडताना ती कोणत्या केंद्रातून चालते हे आधी बघा.

पण गावात खरा वेळ शेवटच्या टप्प्यात जातो, टॉवरपासून फोनपर्यंत. वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की सगळं शिवार एकाच कोपऱ्याकडे फोन वर धरून उभं राहतं. मी दोन मोजण्या ठेवतो: एक शहरातल्या ऑफिसमधून, दुसरी गावातल्या साध्या फोनवरून, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. बऱ्याचदा दोन्हींतून निवडलेल्या साखळ्या वेगळ्या निघतात. मग गावातली धरायची.

११. सरासरी चांगली दिसते, तरी लोक "अडकतं" म्हणतात. का?

सरासरीत शेपूट लपतं. प्रत्येक सर्व्हिस शंभरात एकदाच रेंगाळत असेल आणि साखळीत पाच असतील, तर शंभरातले जवळपास पाच प्रश्न कुठे ना कुठे अडकतात. शंभरातल्या नव्याण्णवांना किती वेळात उत्तर मिळालं, तो आकडा अटीत घाला. मात्र प्रत्येक सर्व्हिसचे असे आकडे बेरजेत टाकून साखळीचा आकडा मिळत नाही. सगळ्या एकाच वेळी रेंगाळत नाहीत, त्यामुळे बेरीज बहुधा फुगलेली येते. उलट, एकाच वेळी चालणाऱ्या कामांत सरासऱ्यांमधली मोठी सरासरी धरली की उत्तर कमी येतं, कारण दरवेळी वाट त्या खेपेला मागे राहिलेल्याची बघावी लागते. दोन्हींवर उपाय एकच: अख्खी साखळी हजारदा चालवून मोजा, किंवा मोजलेल्या आकड्यांतून चिठ्ठ्या उचलून तेवढ्या फेऱ्या कॉम्प्युटरवर खेळवा.

१२. एका कामाला दोन सर्व्हिस ठेवल्या होत्या, तरी दोन्ही एकदम बंद पडल्या. गणित चुकलं का?

गृहीतक चुकलं. दोन्ही ९९ टक्के असतील तर एकत्र ९९.९९ टक्के, हे तेव्हाच खरं जेव्हा एकीच्या पडण्याचा दुसरीशी संबंध नसतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हिस एकाच डेटा सेंटरमध्ये राहत असतील, तर घर एकच आहे. आमच्याकडे तर रस्त्याचं काम करणाऱ्या जेसीबीने केबल तोडली आणि मुख्य, राखीव दोन्ही लाइन गेल्या, कारण दोन्ही त्याच चरातून आल्या होत्या. राखीव सर्व्हिस निवडताना कंपनी, केंद्र आणि वाट तिन्ही वेगळ्या असल्याची अट घाला.

१३. चालू असताना मधलीच सर्व्हिस पडली तर पूर्ण निवड पुन्हा करायची?

पहिल्यांदा उरलेल्या कामांचीच करा. झालेल्या कामात गेलेला वेळ आणि पैसा एकूण अटीतून वजा करा आणि उरलेल्या अटीत पुन्हा सोडवा. पडलेल्या सर्व्हिसवर पुन्हा पुन्हा धडकू नका, काही अपयशांनंतर तिला थोडा वेळ बाजूला ठेवणारा सर्किट ब्रेकर लावा.

१४. पैसे कापले गेले आणि पुढची सर्व्हिस पडली. आता?

वाचायचं काम आणि बदल करणारं काम यांत हा मोठा फरक आहे. भाव दहादा विचारला तरी बिघडत नाही, पैसे दहादा कापले तर माणूस रडकुंडीला येतो. दोन गोष्टी कराव्याच लागतात. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक द्या आणि तो पुन्हा आला तर समोरच्याने नवीन व्यवहार करायचा नाही, असं ठरवून घ्या. आणि प्रत्येक बदलाला उलटा बदल लिहून ठेवा: पैसे घेणं असेल तर परत देणं, गाडी बुक करणं असेल तर रद्द करणं. अडलं की उलट्या क्रमाने परत फिरायचं. १९८७ साली गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी मांडलेली सागा पद्धत ती हीच. निवड करतानाच बघा: ज्या सर्व्हिसला उलटा बदल नाही, ती साखळीत शक्य तितकी शेवटी ठेवा.

१५. काही सर्व्हिस एकमेकींशी जमत नाहीत. मग चाळणी आणि निवड कशी?

प्रश्न ६ मधली चाळणी इथे फसते. ख३ हळू आणि महाग आहे म्हणून काढून टाकली, आणि नंतर कळलं की ग१ ला हवा तसा मजकूर फक्त ख३ देते. मग ग१ पण गेली. जोडीचे नियम असतील तर ते आधी लिहा आणि ज्यांच्यावर असा नियम आहे त्या सर्व्हिसना चाळणीतून सूट द्या. रेषीय मांडणीत हा नियम एका ओळीत बसतो: ग१ चा चल ख३ च्या चलापेक्षा मोठा असू नये.

याच जातीची दुसरी अडचण पैशांची आहे. एका क्लाऊडमधून दुसऱ्यात माहिती नेताना बाहेर जाणाऱ्या माहितीचं वेगळं बिल लागतं. तेव्हा खर्च सर्व्हिसचा राहत नाही, जोडीचा होतो. बोलण्याची फाइल भावाच्या मजकुरापेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून आवाजाची कामं शक्यतो एकाच क्लाऊडमध्ये ठेवा.

१६. कोणतीच जोडी अटीत बसत नाही. अल्गोरिदम "उत्तर नाही" म्हणतो. आता काय?

ते उत्तरच आहे, आणि मोलाचं आहे. मात्र "नाही" एवढंच सांगून थांबू नका. एकेक अट थोडी सैल करून पुन्हा सोडवा आणि कोणती अट किती सोडली की पहिली साखळी सापडते ते वापरणाऱ्याला दाखवा. समजा प्रश्न ३ मधला खर्च ७० ऐवजी ६० पैशांवर आणायचा आहे. अडीच सेकंदांत एकही जोडी बसत नाही. वेळ २७०० मिलिसेकंद केला तर क२, ख१, ग२ ही ५५ पैशांची साखळी मिळते.

पण अट सोडण्याआधी कामांची यादी पुन्हा बघा. भाव सांगायला लागणारे शब्द किती? आकडे, "रुपये", "क्विंटल", पिकांची आणि गावांची नावं. ते आपल्याच भागातल्या माणसाच्या आवाजात एकदा रेकॉर्ड करून फोनमध्येच ठेवले, तर उत्तर बोलणारी सर्व्हिस लागत नाही. तिथला वेळ ५० मिलिसेकंद धरा, खर्च शून्य. आता क१ आणि ख१ घेतले तर वेळ ११५० मिलिसेकंद आणि खर्च काठोकाठ ६० पैसे. प्रश्न ३ मध्ये आवाज ओळखणारी जी वेगवान सर्व्हिस सोडून द्यावी लागली होती, ती साखळीत परत आली.